प्रोसेसर जोखताना विचारायचा प्रश्न: कोण कोणासाठी थांबलंय?

दोन प्रोसेसर शेजारी ठेवा. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच घराण्यातले, दोन्हींत आठ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग). पहिल्याची कमाल गती ४.७ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याची ४.५. कागदावर पहिला सरस, आणि थ्रीडी रेंडर (दृश्याचं चित्र तयार) करायला दिलं तर तो खरोखरच थोडा पुढे राहतो. पण गेम सुरू केला की बहुतेक वेळा दुसरा बाजी मारतो, काही गेममध्ये तर मोठ्या फरकाने. ही जोडी आहे एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डी यांची. गती सोडली तर त्यांच्यात महत्त्वाचा फरक एकच आहे: दुसऱ्यात ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली जलद मेमरी आहे.

‘कुठला प्रोसेसर चांगला?’ याचं उत्तर एका आकड्यात का देता येत नाही, ते या जोडीवरून कळतं. संगणकात सतत कोणीतरी कोणासाठी तरी ताटकळत असतं. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरसाठी थांबतं, प्रोसेसर मेमरीसाठी, पंधरा कोअर सोळाव्यासाठी, आणि खुर्चीत बसलेला माणूस या सगळ्यांसाठी. तुमच्या कामात नेमकं कुठे अडतं हे आधी शोधायचं आणि मग त्या ठिकाणी कामाला येणारा प्रोसेसर बघायचा. बरेच लोक हे उलट्या क्रमाने करतात: आधी प्रोसेसर ठरवतात, मग त्याची कारणं शोधतात.

खोक्यावरचे आकडे

५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकतं, ते या आकड्यात नाही. माणसाची पावलं किती झपाझप पडतात एवढंच कळलं आणि एक पाऊल किती लांब पडतं ते कळलं नाही, तर तो कधी पोहोचेल हे कसं सांगणार? एका ठोक्यात सरासरी किती सूचना पार पडतात या मापाला आयपीसी म्हणतात. ते प्रोसेसरच्या आतल्या रचनेवर अवलंबून असतं, शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमनुसार बदलतं. म्हणून ते खोक्यावर छापता येत नाही.

नुसत्या गतीमागे धावून काय होतं, याचा धडा इंटेलने स्वतःच घेतला आहे. २००० साली आलेला पेन्टियम ४ जास्तीत जास्त गिगाहर्ट्झ गाठण्यासाठीच बेतलेला होता. २००४ च्या आवृत्तीत एका सूचनेला तब्बल ३१ टप्प्यांतून जावं लागे. पुढे कोणती सूचना लागेल याचा अंदाज मध्येच चुकला की त्या साखळीतलं अर्धवट काम टाकून पुन्हा सुरुवात. उष्णताही हाताबाहेर गेली. ३.८ गिगाहर्ट्झवर गाडी अडली आणि ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल रद्द करावं लागलं. त्याच काळात एएमडीचा ॲथलॉन ६४ खूप कमी गतीवर चालून गेममध्ये त्याला हरवत होता. पुढे २००६ मध्ये इंटेलनेच कोअर २ ड्युओ आणला. त्याची गती पेन्टियम ४ पेक्षा कमी, काम मात्र कितीतरी जास्त. तेव्हा गिगाहर्ट्झची तुलना करायची असेल तर एकाच रचनेच्या दोन प्रोसेसरांतच करावी.

कोअरच्या संख्येचंही आता तसंच झालं आहे. २०२१ मध्ये इंटेलने बाराव्या पिढीपासून एकाच चिपमध्ये दोन जातींचे कोअर द्यायला सुरुवात केली: जोरकस काम करणारे पी-कोअर आणि छोटे, काटकसरी ई-कोअर. कोअर आय९-१३९००के मध्ये २४ कोअर आहेत खरे, पण ते ८ आणि १६ असे विभागलेले. त्यांची बेरीज करून ती एएमडीच्या १६ एकसारख्या कोअरशी ताडून बघण्यात अर्थ नाही. थ्रेडचं, म्हणजे कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांचं म्हणाल तर, एका कोअरवर दोन थ्रेड चालले म्हणून काम दुप्पट होत नाही. एक थ्रेड मेमरीची वाट बघत असताना दुसरा त्या रिकाम्या वेळात काम उरकून घेतो, एवढंच. २०२४ च्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मधून इंटेलने ही सोय काढूनच टाकली. त्यात २४ कोअर आणि थ्रेडही २४ च.

मॉडेलच्या क्रमांकावर तर अजिबात विसंबू नये. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावं बघून वाटतं, असेल उन्नीस-बीसचा फरक. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. पण ५५०० मध्ये एल३ कॅश निम्मी आहे, आणि पीसीआय एक्स्प्रेसही (ग्राफिक्स कार्ड जोडणारा मार्ग) एक पिढी जुनं. गेमिंगसाठी घेणाऱ्याला हा फरक जाणवतो.

गेममध्ये प्रोसेसर करतो काय?

प्रत्येक फ्रेमआधी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राआधी, प्रोसेसरला बरंच काही उरकायचं असतं. माउस-कीबोर्डचा हुकूम घ्यायचा, कोणती वस्तू कुठे आदळली ते ठरवायचं, शत्रूंनी काय करायचं ते ठरवायचं, कॅमेऱ्यातून काय दिसेल ते निवडायचं आणि मग ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायचे आदेश द्यायचे. प्रत्यक्ष रंगकाम कार्ड करतं. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) हवे असतील तर या सगळ्याला मिळतात १६.७ मिलिसेकंद. १४४ साठी ६.९ आणि २४० साठी जेमतेम ४.२.

कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढची तयार करतो. त्यामुळे दोघांतला जो मंद, त्याचाच वेग तुम्हाला पडद्यावर दिसतो. रेझोल्यूशन १०८०पी वरून ४के केलं की पिक्सेल चौपट होतात, सुमारे २१ लाखांवरून ८३ लाख. कार्डाचं काम प्रचंड वाढतं, पण प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. शत्रूची चाल पिक्सेलवर अवलंबून नसते. म्हणून ४के मध्ये मध्यम आणि महागडा प्रोसेसर बहुतेक वेळा सारखेच दिसतात. दोघंही कार्डासाठी थांबलेले असतात.

यावरून कायम एक वाद रंगतो. परीक्षण करणारे सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पी वर प्रोसेसर तपासतात, आणि वाचक चिडतात: असलं कार्ड घेऊन १०८०पी वर खेळतं कोण? तक्रार समजण्यासारखी आहे, पण ती चाचणी तुमचा अनुभव सांगण्यासाठी नसतेच. कार्डाची अडचण बाजूला काढली तर हा प्रोसेसर सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम तयार करू शकतो, ते ती सांगते. त्या आकड्याचा उपयोग असा करायचा: तुमच्या गेममध्ये प्रोसेसरची ही कमाल बघा. मग तुमच्या कार्डाच्या परीक्षणात, तुमच्या रेझोल्यूशनवर, त्याच गेमचा आकडा बघा. दोन्हींत जो लहान, साधारण तेवढे एफपीएस तुम्हाला मिळतील. समजा प्रोसेसरची कमाल १६० आहे आणि कार्ड ९० देतं, तर २०० ची कमाल असलेला प्रोसेसर आणून हाती काही लागणार नाही.

इथे एक पोटकलम आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर ही चित्र मोठं करणारी तंत्रं वापरून खेळत असाल तर पडद्यावर ४के दिसत असलं तरी आत चित्र कमी रेझोल्यूशनवर तयार होतं. परफॉर्मन्स मोडमध्ये तर ते १०८०पीच असतं. कार्डाचा भार हलका झाला की प्रोसेसर पुन्हा आडवा येतो. ‘मी ४के वर खेळतो, मला प्रोसेसरचं काय’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सध्याच्या संगणकात कोण अडवतंय हे तपासायला पैसे पडत नाहीत. एफपीएसवरची मर्यादा आणि व्ही-सिंक (पडद्याच्या वेगाशी फ्रेम जुळवणारं सेटिंग) बंद करा, आणि खेळताना ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड दमलेलं आहे. ७० वर रेंगाळत असेल तर बहुधा प्रोसेसर. अजून खात्री हवी तर रेझोल्यूशन उतरवून बघा. एफपीएस वाढले नाहीत तर अडचण प्रोसेसरकडेच आहे. प्रोसेसरच्या एकूण वापराचा टक्का मात्र इथे फसवतो. सोळा कोअरचा प्रोसेसर २० टक्के दाखवत असला तरी गेमचा मुख्य थ्रेड ज्या एका कोअरवर चालतो, तो पूर्ण पिळून निघत असू शकतो.

तो मुख्य थ्रेड हीच गेमची खरी दुखरी जागा. आधी टक्कर ठरते, मग तिचा परिणाम, मग चित्र. हा क्रम सोळा जणांत वाटता येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत आठ कोअरचा प्रोसेसर आहे, आणि मोठे गेम त्यांना समोर ठेवून बनतात. म्हणून माझं मत असं, की निव्वळ गेमिंगसाठी सहा ते आठ जलद कोअर पुरतात. त्यापुढचा पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा.

कॅशने एवढा फरक का पडतो?

५ गिगाहर्ट्झवर एक ठोका म्हणजे ०.२ नॅनोसेकंद. हा काळ कल्पनेत मावत नाही, म्हणून आपण एक ठोका एका सेकंदाएवढा ताणून बघू. मग सगळ्यात जवळच्या एल१ कॅशमधली माहिती चार-पाच सेकंदांत हातात येते. एल३ मधून आणायला साधारण पाऊण ते एक मिनिट. आणि तिथेही नसली, रॅमकडे जावं लागलं, तर ८० नॅनोसेकंदांच्या हिशेबाने सहा मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात एरवी शेकडो सूचना पार पडल्या असत्या.

रेंडरिंगसारख्या कामात पुढे कोणती माहिती लागणार याचा अंदाज बऱ्याच अंशी बांधता येतो आणि प्रोसेसर ती आधीच मागवून ठेवतो. गेममध्ये हजारो वस्तू मेमरीभर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक फ्रेमला त्यांच्याकडे उड्या मारत जावं लागतं. अंदाज सारखा चुकतो. कॅश मोठी असेल तर त्यातल्या बऱ्याचशा वस्तू जवळच सापडतात आणि रॅमच्या फेऱ्या वाचतात. फॅक्टोरिओसारखे कारखाना उभारण्याचे गेम किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर यांत जादा कॅशवाले एक्स३डी प्रोसेसर उठून दिसतात ते यामुळे.

ही जादा कॅश चिपवर वेगळा थर रचून बसवतात. सुरुवातीच्या मॉडेलांत ती कोअरच्या वर होती. त्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा येई आणि गती कमी ठेवावी लागे. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये एएमडीने तो थर कोअरच्या खाली नेला आणि गती ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढवली. सोळा कोअरच्या ७९५०एक्स३डी मध्ये आठ-आठ कोअरचे दोन तुकडे आहेत आणि जादा कॅश त्यातल्या एकाच तुकड्यावर. गेम योग्य तुकड्यावर चालेल हे विंडोज आणि ड्रायव्हरला सांभाळावं लागतं. बहुतेक वेळा ते जमतं. ज्यांना सेटिंगशी झटापट नको, त्यांना मी आठ कोअरवालाच सुचवतो.

सरासरीत दडलेला झटका

समजा एका सेकंदात ११९ फ्रेम प्रत्येकी ८ मिलिसेकंदांच्या आणि एक फ्रेम ५० ची. सरासरी १२० एफपीएस. आलेखावर झकास. प्रत्यक्ष खेळताना मात्र दर सेकंदाला चित्र अडखळतं, आणि नेमकं नेम धरताना अडखळलं की चिडचिड होते. म्हणून चांगल्या परीक्षणात सरासरीबरोबर ‘वन पर्सेंट लो’ दिलेले असतात, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग. तो काढण्याची पद्धत परीक्षणागणिक थोडी वेगळी असते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नये. प्रोसेसर निवडताना मी हा आकडा सरासरीपेक्षा वरचा मानतो. तरी सगळे झटके प्रोसेसरच्या माथी मारू नका. नवा भाग उघडताना शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात, तेव्हा महागडी यंत्रंही अडखळतात.

एफपीएसमधला फरक मिलिसेकंदांत करून बघायची सवयही चांगली. २०० वरून २४० ही उडी मोठी वाटते, पण वाचतो तो ०.८ मिलिसेकंद. ४० वरून ५० म्हणजे पूर्ण ५ मिलिसेकंद, आणि तो फरक कोणालाही जाणवेल.

कामाचा संगणक

परीक्षणांत ‘प्रॉडक्टिव्हिटी’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. इथे संगणकतज्ज्ञ जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब कामाला येतो. समजा एखाद्या कामाचा ८० टक्के भाग वाटून घेता येतो आणि २० टक्के एकालाच करावा लागतो. आठ कोअर लावले तर काम ३.३ पट वेगाने होतं. सोळा लावले तर ४ पट. कोअर दुप्पट, फायदा जेमतेम वीस टक्के. आणि अगणित कोअर लावले तरी ५ पटीपुढे जाता येत नाही, कारण त्या उरलेल्या २० टक्क्यांसाठी सगळे थांबलेले असतात.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरवर रेंडर करणं जवळपास पूर्ण वाटता येतं. तिथे कोअर जितके जास्त तितकं बरं. सिनेबेंच ही गाजलेली चाचणी याच जातीची, म्हणून तिच्या अनेक-कोअर गुणांवरून रेंडरिंगचा अंदाज येतो, गेमचा येत नाही. फोटोशॉप, स्प्रेडशीट, ब्राउझर यांची बरीचशी कामं एक-दोन कोअरवरच चालतात. तिथे सिनेबेंचचे एका कोअरचे गुण जास्त उपयोगी. कोड बिल्ड करणाऱ्यांचं (कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधणाऱ्यांचं) दुहेरी असतं: पूर्ण प्रकल्प नव्याने बांधताना सगळे कोअर राबतात, पण एक फाइल बदलून पुन्हा चालवायचं असेल तेव्हा एका कोअरचा वेगच दिसतो. आणि दिवसभरात हे दुसरंच जास्त वेळा होतं.

व्हिडिओ संपादनाचं वेगळंच. टाइमलाइनवर पुढे-मागे करताना अडखळत असेल तर कोअर वाढवून अनेकदा काही साधत नाही. काही कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ या व्हिडिओ प्रकारात चित्रण करतात, आणि ते उलगडणारं खास सर्किट चिपमध्ये आहे की नाही यावर सगळं ठरतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये ते क्विक सिंक या नावाने मिळतं. पण नावाच्या शेवटी एफ असलेल्या मॉडेलांत अंतर्गत ग्राफिक्स बंद केलेले असतात आणि त्यांच्याबरोबर क्विक सिंकही जातं. थोडी बचत करायला एफ घेतला आणि संपादनाला बसल्यावर हात चोळत राहिला, असं होऊ देऊ नका.

खर्च ठरवताना मी एक भेद करतो. काही कामं तुम्ही समोर बसून संपायची वाट बघता, काही लावून उठून जाता. रात्री लावलेलं रेंडर पाच तासांत झालं काय नि सहा तासांत झालं काय, सकाळी ते तयार असतं. चाळीस सेकंदांचं बिल्ड दिवसातून पन्नासदा करायचं असेल तर तिथले दहा सेकंद सोन्यासारखे. आणि ज्याचा खेळ संध्याकाळी आणि काम दिवसा, त्याने कामाच्या आकड्यांना जास्त वजन द्यावं. १४० आणि १५५ एफपीएसमधला फरक त्याच्या लक्षातही येणार नाही.

वॉट, मदरबोर्ड आणि बाकीचं

टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाने दिलेला वॉटचा आकडा) म्हणजे वीज खाण्याचं माप नव्हे. एएमडीच्या ७९५०एक्स वर १७० वॉट टीडीपी लिहिलंय, पण तो २३० वॉटपर्यंत घेऊ शकतो. इंटेलच्या १३९००के वर १२५ लिहिलेलं असतं आणि पूर्ण भाराला मर्यादा २५३ ची. हे आकडे रेंडरिंगसारख्या भाराचे. गेममध्ये दोन्ही यापेक्षा बरीच कमी वीज घेतात, त्यामुळे गेमरने परीक्षणातल्या वीजवापराच्या आलेखावरच्या लांब पट्ट्या बघून घाबरू नये. शेवटचे पाच-सात टक्के वेग मिळवायला सगळ्यात जास्त वीज जाते. मर्यादा थोडी खाली आणली तर यंत्र गार आणि शांत होतं आणि वेगात फारसा फरक पडत नाही. एएमडीच्या झेन ४ रचनेच्या वरच्या मॉडेलांचं तापमान ९५ अंशांवर गेलं तर तो बिघाड समजू नका, त्यांची रचनाच तशी आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीची गोष्ट वेगळी. वाढीव व्होल्टेजमुळे यांतले काही प्रोसेसर कालांतराने अस्थिर होत होते. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातला जुना प्रोसेसर घेत असाल तर आधी तो कसा वापरला गेलाय याची चौकशी करा आणि लगेच बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

मदरबोर्ड किती पिढ्या साथ देणार हाही किमतीचाच भाग. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) २०१७ मधल्या अनेक बोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स३डी बायोस अपडेट करून बसला. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला, आणि कोअर अल्ट्रा २०० साठी नवा बोर्ड लागला. दर पाच-सहा वर्षांनी अख्खा संगणकच बदलणाऱ्याला याने काही फरक पडत नाही.

परीक्षणं वाचताना तारीख बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये एएमडीची झेन ५ रचना आल्यावर विंडोज ११ च्या एका अपडेटने रायझनचे गेममधले आकडे सुधारले, त्यामुळे पहिल्या दिवसाची परीक्षणं लवकरच जुनी झाली. दोन-तीन टक्क्यांचे फरक सोडून द्या, ते दोन चाचण्यांमध्येही येतात. आणि आलेखाची पट्टी शून्यापासून सुरू होते का, एवढं तरी बघाच.

रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक नको; एकीवर मेमरीचा मार्ग निम्मा होतो. नवा संगणक जोडून झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर गती बघा. डीडीआर५-६००० चा संच घेतला असेल आणि तिथे ४८०० दिसत असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण गतीवर चालवणारं सेटिंग) चालू करायचं राहून गेलंय.